जे-2 चे शेवटचे आठवडे : मितो ते टोकियोचे राष्ट्रीय स्टेडियम

रविवार, 12 नोव्हेंबर 2023 : मितो

उएनोहून सुटणारी जोबान मार्गावरची जलद गाडी सव्वा तासाच्या आसपास मितोला पोहोचवते. आज तिच्या प्रत्येक डब्यात नारिंगी रंगाचे शर्ट दिसत होते. हे सगळे शिमिझु एस-पल्सचे पाठीराखे शिझुओकाहून सकाळीच निघून टोकियोत गाडी बदलून आले होते. जपानच्या दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, म्हणजे जे-2 चा, आज शेवटचा साखळी दिवस होता. 22 संघ, प्रत्येकाचे 42 सामने, पहिल्या दोघांना थेट जे-1 या सर्वोच्च लीगमध्ये बढती आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चौघांमध्ये उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ, अशी या हंगामाची रचना आहे. माचिदा झेल्वियाने पहिला क्रमांक आधीच पक्का केला होता. दुसऱ्या जागेसाठी शिमिझुचे 73 गुण होते, तर जुबिलो इवाता आणि टोकियो वर्दी यांचे प्रत्येकी 72. शिमिझुने आज मितो हॉलीहॉकला हरवले असते, तर बाकी दोघांनी काहीही केले तरी चालणार होते.

आज लक्ष्मीपूजन होते. मी निशी-कासाईला मामेबहिणीकडे उतरलो आहे. सकाळी निघताना ताई म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी एवढ्या लांब मॅच बघायला निघालास, निदान पूजेच्या वेळेपर्यंत तरी परत ये." दाजींनी हसून मला दारापर्यंत सोडले आणि स्वतः मात्र घरातच थांबले.

मितो हे तोकुगावा घराण्याच्या एका मोठ्या शाखेचे गाव आहे. त्या घराण्याच्या राजचिन्हातल्या वनस्पतीवरून क्लबला हॉलीहॉक हे नाव मिळाले. स्टेशनवरून बसने स्टेडियमला जाताना कुठेही मोठ्या सामन्याची धामधूम जाणवत नाही. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू थोडे लांब दिसतात, आणि स्टँड साधे आहेत. मितो 2000 सालापासून एकही हंगाम न चुकता जे-2 मध्ये खेळत आला आहे. या सगळ्या काळात तो ना वर चढला, ना खाली घसरला. इतकी वर्षे मधल्या पायरीवर राहूनही ज्या गावाने आपला संघ सोडला नाही, त्या गावाविषयी मला आदर वाटतो. (ही टिपणे नीट लिहून काढताना एक भर घालणे आवश्यक आहे : 2025 मध्ये याच मितोने जे-2 चे विजेतेपद मिळवले आणि आपल्या इतिहासात प्रथमच जे-1 मध्ये प्रवेश केला.)

शिमिझुचे प्रशिक्षक तादाहिरो आकिबा 2020 ते 2022 अशी तीन वर्षे मितोचेच प्रशिक्षक होते. एप्रिलमध्ये शिमिझुने त्यांच्याकडे जबाबदारी सोपवली, तेव्हा संघ खाली रेंगाळत होता आणि तिथून त्यांनी तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणला. आज आपल्याच जुन्या मैदानावर, आपणच घडवलेल्या काही मुलांसमोर, त्यांना हंगामाची सगळी कमाई पणाला लावायची होती.

माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर नारिंगी टॉवेल होता आणि टॉवेलवर फोन. फोनवर तोचिगीमध्ये चाललेला इवाताचा सामना लावलेला होता, आवाज मात्र बंद. समोरच्या मैदानावर चेंडू बाहेर गेला की त्या खाली पाहत आणि चेंडू आत आला की फोन पालथा ठेवत. उत्तरार्धात मितोने पहिला गोल केला, तेव्हा त्यांनी फोन उचललाच नाही. थियागो सान्तानाने बरोबरी साधून दिली आणि नारिंगी स्टँड उभे राहिले. त्यानंतर मैदानाच्या एकाच अर्ध्या भागात खेळ चालला होता. 2022 मध्ये हाच सान्ताना जे-1 चा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता आणि त्याच वर्षी त्याचा संघ खाली घसरला होता. आज त्याच्याकडे दुसऱ्या गोलसाठी वेळ होता, संधी होत्या, पण मितोच्या बचावफळीने तो होऊ दिला नाही.

सामना 1-1 असा संपला. शेजारच्या बाईंनी फोन सरळ केला आणि माझ्याकडे वळवून दाखवला : तोचिगी 1, इवाता 2. वर्दीनेही ओमियाला 2-0 हरवले होते. इवाता आणि वर्दी 75 गुणांवर बरोबरीत आले, गोलफरकावर इवाता दुसरा ठरला आणि शिमिझु 74 गुणांसह चौथ्या क्रमांकावर गेला. शिमिझुचा गोलफरक त्या दोघांपेक्षाही चांगला होता, पण एका गुणाची उणीव गोलफरकाने भरून निघत नाही. आकिबा आपल्या खेळाडूंना घेऊन स्टँडसमोर आले आणि बराच वेळ वाकून उभे राहिले.

ताईने पूजा माझ्यासाठी थांबवून ठेवली होती.

गुरुवार, 16 नोव्हेंबर : माचिदा

भाऊबीज काल झाली. आज सामना नव्हता, तरी विजेत्यांचे मैदान पाहायचे म्हणून त्सुरुकावा स्टेशनवरून बसने नोझुता उद्यानापर्यंत गेलो. माचिदा हे प्रशासकीय दृष्ट्या टोकियोतले शहर असले, तरी नकाशावर ते कानागावा प्रांतात घुसलेले दिसते. मैदान टेकडीवर झाडीत आहे आणि तिथे पोहोचणे सोपे नाही. रिकाम्या मैदानावर पाहण्यासारखे फारसे काही नसते, पण या क्लबची वाटचाल जाणून घेण्यासारखी आहे. 2012 मध्ये हा संघ जे-2 मध्ये शेवटचा आला आणि व्यावसायिक लीगमधूनच बाहेर पडला. 2018 मध्ये तो चौथा आला, पण जे-1 चा परवाना नसल्यामुळे त्याला बढतीच्या लढतीत भाग घेता आला नाही. त्याच वर्षी सायबरएजंट या कंपनीने क्लब ताब्यात घेतला, पुढे स्टेडियम वाढवले गेले, आणि या हंगामासाठी गो कुरोदा यांना प्रशिक्षक नेमण्यात आले. कुरोदा यांनी त्याआधीची जवळजवळ तीन दशके आओमोरी यामादा या एका माध्यमिक शाळेचा संघ घडवण्यात घालवली होती. व्यावसायिक फुटबॉलमधल्या पहिल्याच वर्षी त्यांनी 87 गुणांसह लीग जिंकली.

माचिदाच्या खेळावर जपानमध्ये टीका होते : लांब थ्रो, थेट पुढे मारलेले चेंडू, देखणेपणाची फिकीर नाही. मला ही टीका पटत नाही. 42 सामन्यांच्या हंगामात एकच शिस्त शेवटपर्यंत पाळणे हेही कौशल्यच आहे.

यानंतरचे काही दिवस क्योतो आणि नारा येथे गेले. त्यांचा या टिपणांशी संबंध नाही.

शुक्रवार, 24 नोव्हेंबर : इवाता

हामामात्सुहून लोकल गाडीने मिकुरिया हे नवे, 2020 मध्ये सुरू झालेले स्टेशन गाठले आणि तिथून यामाहा स्टेडियमपर्यंत चालत गेलो. आपल्याकडे यामाहा म्हटले की एका पिढीला आरएक्स 100 आठवते. त्या यामाहा मोटरचे मुख्यालय याच गावात आहे आणि जुबिलो इवाता हा मूळचा या कंपनीचाच संघ. डुंगा आणि स्किलाची इथे खेळले. मासाशी नाकायामाने 1998 मध्ये सलग चार सामन्यांत हॅट्‌ट्रिक केली. 1997, 1999 आणि 2002 अशी तीन वर्षे हा क्लब जपानचा विजेता होता. कारखान्याच्या गावातल्या या मैदानात स्टँड खेळाडूंच्या इतके जवळ आहेत की सामन्याच्या दिवशी पहिल्या रांगेत बसणाऱ्याला खेळाडूंची हाक ऐकू येत असणार.

या हंगामात इवाताने जे केले, त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. एका परदेशी खेळाडूच्या करारावरून फिफाने क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली होती. म्हणजे 2022 मध्ये जो संघ जे-1 मध्ये तळाला राहिला, तोच संघ घेऊन, बाहेरून एकही माणूस न आणता, लगेच वर चढायचे होते. कतार विश्वचषकात जपानचे सहायक प्रशिक्षक असलेले आकिनोबु योकोउची यांनी ते काम घेतले. त्यांच्या हाती एका टोकाला चाळिशी ओलांडलेला, जपानसाठी 152 सामने खेळलेला यासुहितो एन्दो होता आणि दुसऱ्या टोकाला केइसुके गोतो, ज्याने वयाच्या सतराव्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात उतरून दोन गोल केले. बंदी नसती तर गोतोला इतक्या लवकर संधी मिळाली असती का, याची मला शंका आहे.

याच मैदानावर 30 नोव्हेंबर 2014 रोजी प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत मोन्तेदिओ यामागाताचा गोलरक्षक नोरिहिरो यामागिशी भरपाई वेळेत कॉर्नरसाठी पुढे आला आणि त्याने डोक्याने गोल केला. इवाता साखळीत वर होता, त्यामुळे बरोबरी झाली असती तर तोच पुढे गेला असता. त्या गोलामुळे इवाता हरला, आणि सहाव्या क्रमांकाचा यामागाता पुढे अंतिम सामनाही जिंकून जे-1 मध्ये गेला. उद्या तोच यामागाता शिमिझुला भिडणार आहे. स्टेडियमजवळच्या एका उपाहारगृहात नूडल्स खाताना मालकांना त्या गोलविषयी विचारले, तर त्यांनी हातातले भांडे खाली ठेवून यामागिशी कुठून धावत आला ते दोन बोटांनी ओट्यावर रेखून दाखवले.

शनिवार, 25 नोव्हेंबर : शिमिझु

जे-लीग 1993 मध्ये दहा क्लबांनी सुरू झाली. त्यांतले बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संघांतून निर्माण झालेले होते. शिमिझु मात्र गावाच्या फुटबॉलवेडातून उभा राहिलेला क्लब आहे. कोल्हापुरात पेठेचा माणूस आपल्या तालमीच्या संघाकडे ज्या हक्काने पाहतो, पाटाकडील किंवा दिलबहारच्या पराभवाने ज्याच्या घरी चूल थंड पडते, त्याला शिमिझुच्या स्टेशनबाहेर परके वाटणार नाही. दुकानदार, शाळकरी मुले, बंदरावरचे कामगार, सगळे नारिंगी शर्ट घालून बसच्या रांगेत होते. इथल्या पाठीराख्यांचा सांबा ढोल प्रसिद्ध आहे. निहोनदाइरा स्टेडियम डोंगराच्या उतारावर आहे, आणि तिथून आज फुजी पर्वत स्वच्छ दिसत होता.

प्ले-ऑफचा नियम असा आहे की नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळ खेळवला जात नाही. साखळीत वर राहिलेला संघ पुढे जातो. त्यामुळे चौथ्या क्रमांकाच्या शिमिझुला पाचव्या क्रमांकाच्या यामागाताविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. सामना 0-0 असाच सुटला. खेळ म्हणून तो फार मोठा नव्हता. पण कतार विश्वचषकात जपानचा गोलरक्षक असलेल्या शुइची गोन्दाच्या प्रत्येक झेलीला असा टाळ्यांचा गजर होत होता की जणू गोलच झाला असावा. पाहुण्यांच्या स्टँडमधले यामागाताचे लोक ईशान्य जपानमधून इतक्या लांब आले होते, आणि शिट्टी वाजल्यानंतरही त्यांनी आपले गाणे पूर्ण केले.

रविवार, 26 नोव्हेंबर : चोफु

केइओ मार्गावरच्या तोबिताक्यु स्टेशनवर हिरवे आणि पिवळे, असे दोन्ही रंग उतरत होते. टोकियो वर्दी आणि जेफ युनायटेड चिबा हे दोघेही 1993 च्या पहिल्या दहा क्लबांपैकी आहेत. काल पुढे गेलेला शिमिझुही त्यांतलाच. या वर्षी जे-लीगला तीस वर्षे पूर्ण झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी तिघे दुसऱ्या लीगच्या प्ले-ऑफमध्ये एकमेकांशी झगडत आहेत. ज्यांनी लीग सुरू केली त्यांना तिच्या वरच्या मजल्यावर कायमची जागा नाही, ही गोष्ट मला या रचनेचे बळ वाटते. पैसा आणि जुनी पुण्याई यांवर जागा राखून ठेवणाऱ्या बंद लीगपेक्षा ही व्यवस्था कितीतरी प्रामाणिक आहे.

वर्दीने 1993 आणि 1994 ही पहिली दोन विजेतेपदे मिळवली, तेव्हा तो कावासाकीचा क्लब होता. 2001 मध्ये तो चोफुला आला. 2008 मध्ये जे-1 मधून घसरला, पुढे मुख्य पुरस्कर्त्याने हात काढून घेतला आणि क्लब बंद पडण्याच्या काठावर आला. तेव्हापासून त्याच्या युवा अकादमीतली मुले मोठी होऊन दुसऱ्या क्लबांत जात राहिली. जेफचे दुःखही कमी नाही. 2009 मध्ये घसरल्यानंतर, 2012 च्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात त्यांना बरोबरी पुरेशी होती आणि ते ओइताकडून 0-1 ने हरले.

आज वर्दी 2-1 ने जिंकला. हिकारु नाकाहारा आणि कर्णधार कोकी मोरिता यांनी गोल केले. मोरिता याच क्लबच्या अकादमीत वाढला आणि इथेच राहिला, म्हणून त्याच्या गोलनंतरचा आवाज वेगळा होता.

बुधवार, 29 नोव्हेंबर : टोकियो

आजचा सामना जे-2 चा नव्हता, पण त्यात खेळणारा संघ जे-2 चा होता. वेंटफोरेट कोफु 2022 मध्ये जे-2 मध्ये अठरावा आला आणि त्याच वर्षी हिरोशिमाला पेनल्टींवर हरवून त्याने सम्राट चषक जिंकला. त्यामुळे दुसऱ्या दर्जाचा हा क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये पोहोचला, ज्या स्पर्धेत याच हंगामात मुंबई सिटीचे सामने पुण्यात बालेवाडीला आणि नवी मुंबईत झाले. कोफुचे स्वतःचे मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हते, म्हणून यामानाशी प्रांतातल्या या क्लबला घरचे सामने टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळावे लागले.

दाजी कामावरून परस्पर आले. आम्ही बसलो होतो त्या भागात इतर क्लबांचे शर्ट घालून आलेली माणसे जागोजागी दिसत होती. कोफुने इतर संघांच्या चाहत्यांनाही येण्याचे आवाहन केले होते, आणि एरवी परस्परांविरुद्ध ओरडणारे हे लोक आज एका छोट्या क्लबसाठी मधल्या दिवशी थंडीत आले होते. मेलबर्न सिटीविरुद्धचा सामना 3-3 असा रंगला. "हे सगळे दुसऱ्या दर्जाचे?" दाजींनी विचारले. मी म्हटले, "शनिवारी चला, मग सांगा."

शनिवार, 2 डिसेंबर : राष्ट्रीय स्टेडियम

आज प्ले-ऑफचा अंतिम सामना. सेंदागाया स्टेशनपासूनच रस्ता वर्दीचा हिरवा आणि शिमिझुचा नारिंगी, अशा दोन रंगांत विभागला गेला होता. केंगो कुमा यांनी आराखडा केलेल्या या स्टेडियमच्या छज्जांना देशाच्या सर्व 47 प्रांतांतले लाकूड वापरले आहे. त्याखाली आज 53,264 प्रेक्षक होते. 1992 मध्ये जे-लीग सुरू होण्याआधी झालेल्या पहिल्या लीग चषकाचा अंतिम सामना याच जागी, जुन्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, याच दोन क्लबांत झाला होता आणि तो वर्दीने 1-0 ने जिंकला होता. एकतीस वर्षांनी तेच दोघे इथे होते, मात्र या वेळी जे-1 ची एक जागा मिळवण्यासाठी.

वर्दी साखळीत तिसरा, म्हणून त्याला बरोबरी पुरेशी. शिमिझुला जिंकणे भाग. पूर्वार्धात कोणीच धोका पत्करला नाही. उत्तरार्धात पेनल्टी क्षेत्रात चेंडू मोरिताच्या हाताला लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली. 63 व्या मिनिटाला सान्तानाने ती गोलमध्ये रूपांतरित केली. गेल्या रविवारी संघाला इथवर आणणाऱ्या कर्णधाराच्याच हातून हे घडावे, याचे मला फार वाईट वाटले. नारिंगी बाजूचा ढोल त्यानंतर थांबला नाही. वर्दीचे प्रशिक्षक हिरोशी जोफुकु यांनी एकामागून एक बदली खेळाडू उतरवले. हिरव्या बाजूचे गाणे चालू होते, पण शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या पुढच्या रांगेतली माणसे गाता गाता घड्याळाकडे पाहू लागली होती.

नव्वद मिनिटे संपली. भरपाई वेळेत इत्सुकी सोमेनो, जो काशिमाकडून तात्पुरत्या करारावर आलेला आघाडीपटू होता, चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात शिरला आणि शिमिझुचा बचावपटू युजी ताकाहाशी घसरत त्याला आडवा आला. पंचांची शिट्टी वाजली. सोमेनोने स्वतःच चेंडू उचलला. समोर गोन्दा. माझ्या डावीकडचा हिरव्या शर्टातला तरुण मैदानाकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याच्या मैत्रिणीने त्याचे दोन्ही खांदे धरून ठेवले. गोल झाला हे त्याला आवाजावरूनच समजले. घड्याळात नव्वद अधिक सहा मिनिटे झाली होती.

1-1. वर्दी सोळा वर्षांनी जे-1 मध्ये. मैदानावर मोरिता रडत होता आणि त्याला सहकाऱ्यांनी वेढले होते. दुसऱ्या बाजूला शिमिझुचे खेळाडू जिथे होते तिथे बसले होते. त्यांनी 42 साखळी सामन्यांत 78 गोल केले, प्ले-ऑफमध्ये एकही सामना हरले नाहीत, आणि तरीही वर गेले नाहीत.

परतताना दाजी अस्वस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की इतक्या मोठ्या सामन्यात अर्धा तास जादा खेळवायला काय हरकत होती, हरल्याशिवाय एखाद्याने बाहेर का पडावे. मला हा नियम योग्य वाटतो, आणि गर्दीतून गायेनमाएपर्यंत चालताना मी तो त्यांना पटवण्याचा प्रयत्न करत होतो. फेब्रुवारी ते नोव्हेंबर चाललेल्या साखळीत वर राहिलेल्या संघाला एका दुपारच्या सामन्यात काहीच वजन मिळणार नसेल, तर ती साखळी कशासाठी खेळायची? शिवाय या सवलतीमुळे खालच्या संघाला आक्रमण करावेच लागते. दाजी म्हणाले, "शिमिझुच्या लोकांना हे सांगून बघा." त्यांच्या या बोलण्यात तथ्य होते. गाडीत समोर बसलेल्या नारिंगी शर्टातल्या बाप-लेकांसमोर हा युक्तिवाद करण्याची माझी हिंमत झाली नसती.

शिमिझुने पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, जे-2 चे विजेतेपद मिळवून थेट बढती घेतली. प्ले-ऑफचा नियम त्या वर्षीही तोच राहिला. पाचव्या क्रमांकाच्या फाजिआनो ओकायामाला उपांत्य सामन्यात चौथ्या क्रमांकाच्या यामागाताच्या घरी जिंकणे भाग होते. त्यांनी तो सामना 3-0 असा जिंकला, मग अंतिम सामन्यात सेंदाइला 2-0 ने हरवले, आणि प्रथमच जे-1 गाठली.